धाप उन्हाची की तापाची? पहाटे थर्मामीटर लावून बघा

यावल तालुक्यातून एका दादांनी विचारलं आहे: "माझी होल्स्टिन संकरित गाय तीन दिवसांपासून तोंड उघडून धापा टाकतेय. चारा सोडला, दूध १२ लिटरवरून ५ वर आलं. ऊन लागलं म्हणून दिवसातून चार वेळा नळीने पाणी मारतो, फरक नाही. शेजारची म्हैस मात्र ठणठणीत. काय करू?"

दादा, मला काळजी वाटते ती 'तीन दिवस' या शब्दांची. नुसत्या उन्हाने धापणारी गाय पहाटेपर्यंत बरीच सावरते, रवंथ करते, दोन घास ओढते. तुमची गाय पहाटेही कूस हलवत उभी असेल, तर ऊन एकटं नाही, आत ताप आहे. ओळखायची सोपी रीत म्हणजे पहाटे सहाच्या आत गुदद्वारात थर्मामीटर लावणे. निरोगी गाय साधारण १०१.५ फॅरनहाइट दाखवते. भर दुपारी उन्हाने पारा वर चढतो, म्हणून दुपारच्या आकड्यावर जाऊ नका. पण पहाटेही १०४ किंवा त्याहून जास्त असेल तर तो ताप धरा. मग कानाखाली आणि खांद्यापुढे हात फिरवा. गाठ सुजलेली लागली, डोळ्याची आतली पापणी पांढुरकी दिसली आणि अंगावर गोचीड असेल, तर गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरियाचा दाट संशय घ्यायचा.

उन्हाळ्यात हाच आजार जीवघेणा का ठरतो, ते समजून घ्या. तापात शरीर स्वतःच आपली उष्णता वाढवतं. ती बाहेर टाकायची तर बाहेर थंडावा हवा. आपल्याकडे भुसावळ, रावेरकडे मे महिन्यात हवाच ४४-४५ अंश सेल्सिअस, म्हणजे गाईच्या अंगापेक्षा गरम. उरतो फक्त घाम आणि श्वास. त्यात थायलेरियाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतात, म्हणून जितकी धाप लागते तितका प्राणवायू अंगाला मिळत नाही. शिवाय सततच्या उन्हाच्या ताणाने प्रतिकारशक्ती खचते. आधी गोचीड तापातून उठलेल्या गाईच्या रक्तात जंतू दबून राहिलेले असतात, ते अशा वेळी पुन्हा डोकं काढतात. गोचीडही उष्ण हवेत लवकर वाढते.

म्हशीचं कोडं इथेच सुटतं. म्हशीच्या अंगात हे जंतू असले तरी ती सहसा आजारी पडत नाही. मात्र काळी कातडी आणि कमी घामग्रंथी यामुळे ऊन तिला गाईपेक्षा जास्त झोंबतं. ती ठणठणीत दिसते म्हणून गोठ्यात रोग नाही असं समजू नका, आणि तिला सावली व डुंबायला पाणी मिळू द्या.

आता काय करायचं? १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा, रक्ताचा नमुना द्या. गोचीड तापावर ब्यूपारव्हाक्वोन हे इंजेक्शन आहे. ते वजनानुसार आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मेडिकलमधून तापाची गोळी आणून चारू नका. ताप उतरल्यासारखा वाटतो आणि उपचाराचे मोलाचे दोन दिवस जातात. डायक्लोफेनॅक हे ताप-दुखीचं औषध तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे.

पाणी मारा, पण वारा खेळता ठेवा. बंद पत्र्याच्या गोठ्यात नुसतं भिजवलं की दमटपणा वाढतो आणि धाप तशीच राहते. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा केळीची पानं पसरा, बाजू उघड्या ठेवा, गव्हाणीजवळ पाणी चोवीस तास असू द्या, वैरण पहाटे आणि रात्री टाका.

गोचीड फक्त अंगावरची काढून भागत नाही. माद्या अंडी घालायला भिंतीच्या भेगांत शिरतात. भेगा बुजवा, चुना मारा, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध गाईच्या अंगाबरोबर भिंतीवरही फवारा आणि १५ दिवसांनी पुन्हा फवारा. फवारणीआधी गाईला पोटभर पाणी पाजा. तहानलेली गाय अंग चाटते आणि विषबाधा होते. भर उन्हात फवारू नका.

शिंदखेड्याहून एका ताईंनी विचारलंय, उन्हात जनावरांना घटसर्प, फऱ्या या रोगांची लस टोचून घ्यावी का? घ्या, पावसाळ्याआधी घ्यायलाच हवी. फक्त सकाळी थंड वेळेत, आणि ताप असलेल्या जनावराला ते बरं झाल्यावर. लंपी या त्वचारोगाची लसही राहिली असेल तर विचारून घ्या. २०२२ ची लंपीची साथ राज्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातूनच सुरू झाली होती, ते विसरू नका.

यावलच्या दादांनी डॉक्टर येईपर्यंत पहाटेचं आणि संध्याकाळचं तापमान वहीत लिहून ठेवावं. लघवीचा रंग लाल किंवा कॉफीसारखा दिसला तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करावा.