केंद्रावर लेखनिकासह उमेदवार असेल तर

ताई, इंदूरला पहिल्यांदाच परीक्षाकेंद्र सांभाळताय, तर वेळेपासून सुरुवात करा. लेखनिक (उमेदवार सांगेल ती उत्तरं लिहून देणारा मदतनीस) घेणाऱ्या दिव्यांग उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. ३ तासांचा पेपर ४ तासांचा होतो. चुकतं ते इथेच: शेवटची घंटा होते आणि बदलीवर आलेला पर्यवेक्षक सवयीने उत्तरपत्रिका ओढून घेतो. सुटण्याची वेळ फळ्यावर ठळक लिहा. संगणकावर पेपर असेल तर लॉगिनआधीच जादा वेळ भरली आहे ना, ते पाहा.

खोली वेगळीच द्या, उत्तरं मोठ्याने सांगायची असतात. ती तळमजल्यावर असू द्या, पण रस्त्याकडची खिडकी नको. लग्नसराईत बँड वाजतो. शौचालय जवळ हवं, व्हीलचेअर दारातून जाते का ते आदल्या दिवशी स्वतः ढकलून बघा.

लेखनिक आयोजक देणार असतील तर दोन दिवस आधी भेट घडवाच. तांत्रिक शब्द अडले की उमेदवाराचे गुण जातात.