ग्रांट आली, आता लेखी पॉलिसी कशी लिहायची?

प्रश्न: ताई, आमची हडपसरला छोटी संस्था आहे, बायकांना शिवणकाम शिकवतो. यंदा पहिल्यांदाच केंद्र सरकारची ग्रांट मंजूर झालीये. सीए म्हणतात पैसे कसे हाताळणार याची लेखी पॉलिसी करा. आम्ही सहाच जण, एकमेकांवर पूर्ण विश्वास. नेटवर चाळीस पानांची एक मिळालीये, नाव बदलून तीच लावली तर चालेल का? – खजिनदार, हडपसर

उत्तर: नका लावू प्लीज. त्या चाळीस पानांत परचेस कमिटी असणार, ती तुमच्याकडे नाही, मग तपासणीला आलेले साहेब कमिटीचं मिनिट बुक मागणार आणि तुम्ही काय दाखवणार? लिहिलंय एक आणि करतो भलतंच, हे सगळ्यात अडचणीचं.

तुम्ही खरंच जे करता तेच लिहा, चार-पाच पानं पुरतात. रविवार पेठेतून दोरे-अस्तर कोण आणतं, कितीच्या वर तीन कोटेशन घ्यायची, चेकवर सह्या कोणाच्या, पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवायची रोकड, किती. आणि जो खरेदी करतो त्याने स्वतःचं बिल पास करायचं नाही, सहा जणांतही हे जमतं.

विश्वासाचं म्हणताय, तर मी पूर्वी एका संस्थेत होते तिथे सगळा हिशोब एका काकांच्या डोक्यात, माणूस सोन्यासारखा, पण ऐन मार्चमध्ये ते आजारी पडले आणि कुठलं व्हाउचर कुठल्या हेडचं, म्हणजे कुठल्या खर्चाच्या सदरातलं, हे कुणालाच सांगता येईना, पुढचा हप्ता अडकला, शिक्षिकांचे दोन महिन्यांचे पगार थांबले. कुणी एक रुपया खाल्ला नव्हता हो. त्या बायकांचे चेहरे आठवले की अजून वाईट वाटतं.

आता नियमांचं. केंद्राच्या ग्रांटला जनरल फायनान्शियल रूल्स 2017 लागतात. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, ग्रांट ठरलेल्या कामावरच खर्च झाली याचा दाखला, याच रूल्समधल्या 12-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत द्यायचं असतं, पण तेवढं थांबू नका, पुढचा हप्ता त्यावरच असतो. ग्रांटच्या पैशावर बँकेत व्याज पडलं तर ते तुमचं नाही, सरकारला परत करायचं, इथे खूप जण फसतात, म्हणून खातं वेगळंच ठेवा. शिलाई मशिन्स ग्रांटमधून घेतल्या तर रजिस्टरला नोंद हवी, आणि जुन्या झाल्या म्हणून परवानगीशिवाय विकता येत नाहीत. हे सगळं पॉलिसीत तुमच्या साध्या भाषेत येऊ द्या, कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे प्रत्येक कामापुढे लिहून. मंजुरी पत्रातल्या अटी आधी नीट वाचा मात्र, त्यात वेगळं काही असेल तर तेही घाला.

मग मिटिंगमध्ये मोठ्याने वाचून ठराव करा, सहाही जणांच्या सह्या घ्या. आणि एक झेरॉक्स जी दोरे आणायला जाते तिच्या पिशवीत राहू द्या, पक्कं बिल मागायचं असतं हे तिलाच सगळ्यात आधी कळायला हवं.