व्हेनिसमध्ये '१८ मिनिटं चालत' दिसलं की आधी पूल मोजा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. ऑक्टोबरात दोन रात्री व्हेनिस, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे, आणि नकाशा म्हणतोय स्टेशनपासून फ्लॅट '१८ मिनिटं चालत'. तर सामान घेऊन चालतच जावं का, असं विचारलंय तुम्ही. २०१८ च्या सप्टेंबरात मी आईला घेऊन गेले होते तेव्हा माझंही हेच गणित होतं. फक्त माझी १५ मिनिटं होती.

व्हिसा, इन्शुरन्स, बूट हे तुम्ही केलं असेलच, ते सोडते.

फ्लॅट स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश. चावी मात्र फ्लॅटवर नाही, एजन्सीच्या ऑफिसात घ्यायची होती. त्यांच्या ईमेलमध्ये दोन ओळी: 'काल्ले देल फोर्नो', पुढे घरनंबर, सातला बंद. काल्ले म्हणजे गल्ली आणि फोर्नो म्हणजे पावाची भट्टी. जुन्या काळी वस्तीवस्तीत भट्टी असायची, त्यामुळे या नावाच्या गल्ल्या गावभर आहेत, हे मला कुठून ठाऊक असणार? नकाशाने स्टेशनजवळच्या सांता क्रोचे भागातली दाखवली. स्काल्झी पूल चढून-उतरून तिथे पोचलो तर तो नंबरच नाही. फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नकाशात आहे ना." तीनदा विचारलं, तीनदा तेच. ऑफिस निघालं कास्तेल्लोत, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

आणि मी काय केलं? बोट घेण्याऐवजी चालत निघाले. माझी खरी घोडचूक ही. 'आता काय, जवळच असेल' असं वाटलं. तिथे जवळ असं काही नसतं, मध्ये पूल असतात. चारशेहून जास्त पूल आहेत त्या गावात आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. २३ किलोची बॅग प्रत्येक पुलावर उचलायची, परत खाली येऊन आईचा हात धरायचा. आईने अकरा पूल मोजले. एका चौकात ती जुन्या दगडी विहिरीच्या कठड्याशी टेकली आणि विचारते कशी, "समुद्रात गोडं पाणी कुठून गं?" ती सांगोल्याकडची, तिला पाण्याचंच पडलेलं. त्या विहिरी म्हणजे खरं तर पावसाचं पाणी वाळूतून गाळून साठवायची टाकी, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी रडायच्या बेतात होते. ऑफिसला पोचेपर्यंत सव्वासात. उशिराचे ४० युरो घेतले, पावती नाही, पाण्याला विचारलं नाही. आईकडे बघून तो माणूस घड्याळाकडे बघत होता, हे मी अजून विसरलेले नाही. असो.

तर फ्लॅटवाल्याला आजच विचारा: सेस्तिएरे कोणता, नंबर काय, जवळचा बोटीचा थांबा कोणता, आणि चावी कुठे. सेस्तिएरे म्हणजे गावाचे सहा भाग. घरनंबर गल्लीनुसार नसतात, अख्ख्या भागाचे सलग असतात. कास्तेल्लोत तर सहा हजारांच्या वर जातात. म्हणून भाग कळल्याशिवाय नंबराचा काही उपयोग नाही. पिनकोडवरूनही भाग कळतो: ३०१२१ कान्नारेजो, ३०१२२ कास्तेल्लो, ३०१२३ दोर्सोदुरो, ३०१२४ सान मार्को, ३०१२५ सान पोलो, ३०१३५ सांता क्रोचे. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

बुकिंग अजून बदलता येत असेल तर माझं स्पष्ट मत (मी डॉक्टर नाही, गुडघ्यांचं तुम्ही विचारून घ्या): स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्याच्या रस्त्याला राहा. गुल्ये पुलापर्यंत एकही पूल लागत नाही. गर्दी आहे, दुकानं पर्यटकी आहेत, चालेल. स्वस्त म्हणून मेस्त्रेला, म्हणजे खाडीपलीकडे मुख्य भूमीवर, राहायचा सल्ला बरेच जण देतील, मला पटत नाही. सकाळी सहाला रिकाम्या गल्ल्यांतून चालणं हेच तर व्हेनिस आहे, त्यासाठी मुक्काम आतच हवा.

सासूबाईंना गाव दाखवायला एक नंबरची बोट घ्या. ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक थांब्याला थांबते, बसल्या जागी सगळे वाडे दिसतात. माझ्या वेळी ७५ मिनिटांचं तिकीट साडेसात युरो होतं, नंतर साडेनऊ झालं. दिवसात तीनदा बसणार असाल तर २४ तासांचा पास परवडतो. ऑक्टोबरच्या शेवटाकडे मॅरेथॉन असते, तिच्यासाठी झात्तेरे (दक्षिणेकडचा पाण्याकाठचा रस्ता) आणि सान मार्कोच्या काठाकडच्या काही पुलांवर उतार बसवतात. तुमच्या तारखांना बसवलेले असतील का, ते आधी बघून घ्या. असतील तर चालणं त्याच बाजूला ठेवा.

कॉफी उभ्यानेच प्या, बसलं की दर वाढतो. चौकातल्या नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटली भरून घ्या. आणि 'पेर रियाल्तो' (रियाल्तो पुलाकडे) अशा पिवळ्या पाट्यांवर कधीकधी दोन्ही दिशांना बाण असतात, दोन्ही खरे असतात, घाबरू नका.

तुमचा पिनकोड आणि जवळचा थांबा इथे लिहा (घरनंबर नको). रविवारी नकाशावर पूल मोजून सांगते.