घाणेरडा नव्हे, तळणाचा गुरुवार

स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा कार्निव्हल ‘श्मुत्सिगर डोनर्सटाग’ या दिवशी सुरू होतो. त्याचं भाषांतर ‘घाणेरडा गुरुवार’ असं वाचनात आलं, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे.

कोश उघडलात तर बरोबर, पण अर्थ पार चुकला. प्रमाण जर्मनमध्ये ‘श्मुत्स’ म्हणजे घाण, हे खरं. पण तिथल्या अलेमानिक बोलींत तोच शब्द चरबीला, तळणाच्या तुपालोण्याला आहे. आपला ‘ओशट’ घ्या ना. मुळात नुसता तेलकटपणा, पण ‘हात ओशट झालेत’ म्हटलं की उठून साबण शोधावासा वाटतो. 

पुढे ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास. पूर्वी त्यात मांसच काय, अंडी-लोणीही वर्ज्य. म्हणून उपास सुरू होतो त्या राख-बुधवारच्या आधीच्या गुरुवारी घरातलं सगळं तळणात संपवायचं. त्यातला ‘फासनाख्ट्स-ख्युएख्ली’ आजही मिळतो : मैदा, अंडी, साय मळून पापडासारखा पातळ लाटायचा, तळला की अंगभर सुरकुत्या, वर पिठीसाखर. चिरोट्याचा बिनपदरी भाऊच. चावला की निम्मी साखर सदऱ्यावर. तेव्हा मी तरी ‘तळणाचा गुरुवार’ म्हणेन. लुत्सर्नकर लाडाने नुसतं ‘श्मुडो’ म्हणतात. पहाटे ५ वाजता तळ्याकाठी मोठा बार उडतो, आणि मग मुद्दाम थोडे बेसूर वाजवणारे बँडवाले, म्हणजे ‘गुगनम्यूझिक’, रस्त्यावर उतरतात.

‘फासनाख्ट’ हे तिथलं कार्निव्हलचं नाव, त्याला मराठीत शिमगा म्हणावं का, असंही विचारलंय. सोंगं आणि दंगा बघून मोह होतो खरा, पण शब्दाची रूढ फोड ‘उपासाची पूर्वरात्र’ अशी, म्हणजे सरळ आपली गटारी! गोव्यात कार्निव्हलला ‘इंत्रुज’ म्हणतात, तोही उपासकाळातला ‘प्रवेश’च.

गंमत बाझल या दुसऱ्या स्विस शहराची. तिथला फासनाख्ट राख-बुधवार उलटून गेल्यावर, पुढच्या सोमवारी पहाटे ४ वाजता, शहरातले दिवे घालवून सुरू होतो. म्हणजे श्रावणी सोमवारी गटारी. याचं कारण सांगतात ते असं : १०९१ च्या धर्मसभेने रविवार उपासातून वगळले, चाळीस भरायला सुरुवात सहा दिवस अलीकडे आणली, पण बाझलने जुनीच तारीख धरून ठेवली. १५२९ मध्ये ते शहर प्रोटेस्टंट झालं, उपास सुटला, तरी ती तारीख सुटली नाही.