फांदीबरोबर साल का सोलली जाते?

प्रश्न : आमच्या सोसायटीतील वर्षावृक्षाची जड फांदी महापालिकेच्या परवानगीने तोडून घेतली, मात्र ती कोसळताना खोडाची साल हातभर सोलली गेली. असे का झाले? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : जड फांदी वरून एकाच कापात तोडू लागले, की काप पूर्ण होण्याआधीच ती वजनाने मोडते आणि खालची साल ओढून नेते. म्हणून जाणकार कारागीर खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून अर्धवट काप देतो, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून भार उतरवतो आणि शेवटी उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता, काढतो. कारण त्या कड्यातूनच नवी साल वाढून जखम झाकली जाते. तिच्यावर डांबर फासू नये. पुढच्या वेळी हेल्मेट, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) आणि दोर घेऊन येणारीच माणसे बोलवावीत. मुंब्र्याच्या कड्यांवर सुटीत प्रस्तरारोहण करणाऱ्या कोणालाही ही सामग्री ओळखीची वाटेल.