प्रेसखाली भावाची दोन बोटं गेली, ठेकेदार ५० हजारांत सही मागतोय. भरपाई नेमकी किती मिळते?

सही करू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आज रात्रीच भावाला सांगा.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय ते धरून बोलतो. भाऊ २८ वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला, पगार १७,४०० च्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं. आता ठेकेदार ५०० च्या स्टॅम्पपेपरवर ‘पूर्ण भरपाई मिळाली, माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेऊन ५० हजार द्यायला निघालाय, आणि ‘गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेला आडोसा) तूच काढलं होतंस’ असंही ऐकवतोय. ईएसआय कापत होते की नाही, हे भावाला माहीत नाही.

मी भोसरीच्या पट्ट्यात बरीच वर्षं प्रेस शॉपच्या टाइम ऑफिसात होतो. आता कामगारांचे दावे लढणाऱ्या एका वकिलांकडे कागद लावून द्यायचं काम करतो. त्यामुळे ही प्रकरणं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. मी वकील नाही, हेही लक्षात ठेवा.

आधी ईएसआयचा छडा लावा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जखमी कामगाराला पैसे मिळायचे दोन रस्ते आहेत: एक, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजेच ईएसआय, दुसरा, १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. दोन्हीकडून घेता येत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने विमाधारकाला दुसऱ्या रस्त्याचं दार बंद केलंय. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिन्याचा पगार २१,००० पर्यंत (ओव्हरटाइम सोडून), असं असेल तर माणूस ईएसआयमध्ये येतो. पगारातून ०.७५ टक्के कापायचे आणि मालकाने ३.२५ टक्के घालायचे. भावाची पगाराची स्लिप असेल तर त्यात बघा. स्लिप नसेल तर मोबाइल नंबर किंवा आधार घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. दहा आकडी विमा क्रमांक निघाला की निम्मं काम झालं.

आता गंमत अशी की पुष्कळ जण इथेच फसतात. नाव नोंदवलेलंच नाही असं कळलं की लोक म्हणतात, चला, ईएसआय नाही, तर १९२३ च्या कायद्याने दावा टाकू. तसं नसतं. कायद्यात विमाधारक म्हणजे ज्याच्याबद्दल वर्गणी ‘देय’ होती तो. ठेकेदाराने ती भरली की नाही हा प्रश्न वेगळा. भारगथ इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: वर्गणी नंतर भरली म्हणून कामगार विमाधारक नव्हता असं होत नाही. अशा वेळी ईएसआयने कामगाराला लाभ द्यायचा आणि त्याचे पैसे मालकाकडून वसूल करायचे, अशी तरतूद कलम ६८ मध्ये आहे. नाहीतर दोन वर्षं कामगार न्यायालयात घालवून शेवटी ‘तुम्ही चुकीच्या दारात आलात’ असं ऐकायची पाळी येते. आणि अपघातानंतर घाईघाईने ईएसआय कार्ड काढणं हा काही फक्त चाकणचा रिवाज नाही. मानेसर-फरिदाबाद भागात बोटं गमावलेल्या कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्थाही वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे.

आता आकडे. तुम्हाला खरं तर तेच हवे आहेत.

ईएसआय लागू असेल तर उपचार चालू होते आणि भाऊ कामावर जाऊ शकत नव्हता, त्या काळासाठी सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळायला हवेत. १७,४०० ला रोजचे ५८० धरले तर ५२२ रुपये रोज. किती महिने वर्गणी भरली, ही अट कामावरच्या अपघाताला नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे. जखम भरली की वैद्यकीय मंडळासमोर जायचं. कमाईची क्षमता किती गेली ते मंडळ टक्क्यांत ठरवतं, आणि तेवढ्या टक्क्यांनी लाभ मिळतो, तोही महिन्याच्या महिन्याला, जन्मभर. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात (कोणत्या जखमेला किती टक्के, त्या यादीत) २० टक्के लिहिले आहेत. म्हणजे ५२२ चे २० टक्के, रोजचे १०४ रुपये, महिन्याला साधारण ३,१००.

ईएसआय लागूच नसेल, तर १९२३ चा कायदा. त्यात रक्कम एकरकमी. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, आणि अपंगत्व अंशतः असेल तर त्याचे ठरलेले टक्के. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,०००). २८ वर्षांचा गुणक २११.७९. तेव्हा ९,००० गुणिले २११.७९, म्हणजे १९,०६,११०, आणि त्याचे २० टक्के ३,८१,२२२ रुपये. ठेकेदाराचे ५० हजार याच्या शेजारी ठेवून बघा. शिवाय घरी बसावं लागलं त्या काळासाठी दर पंधरवड्याला पगाराच्या पाव हिश्शाएवढी रक्कम (ती मिळाली असेल तर एकरकमी भरपाईतून वजा होते), आणि उपचाराचा खर्च वेगळा. दवाखान्याचं बिल भरलं म्हणून कंपनीला भरपाईतून ते वळतं करून घेता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, तरी ‘तुझ्यावर आधीच इतका खर्च झालाय’ हे वाक्य भावाला ऐकायला मिळणारच.

‘मग तीन लाख ऐंशी हजार एकदम बरे की महिन्याला तीन हजार?’ असं लोक विचारतात. निवड आपल्या हातात नसते हे वर सांगितलंच. पण मनाची समजूत म्हणून सांगतो: अठ्ठावीस वर्षांच्या पोराला महिन्याचे ३,१०० दहा वर्षांतच एकरकमी आकड्याच्या आसपास पोचतात, आणि त्यानंतरही चालूच राहतात. एकरकमी पैसे बहुतेक घरांत कर्ज नाहीतर लग्न यांत वर्षभरात संपलेले मी पाहिलेत. त्यामुळे माझं मत विचाराल तर ईएसआय निघालं तर वाईट वाटून घेऊ नका.

परिशिष्टाबद्दल एक. त्यात एकटी तर्जनी गेली तर १४ टक्के, एकटं मधलं बोट गेलं तर १२. बेरीज २६. पण ‘एका हाताची दोन बोटं’ या ओळीत २०. १९२३ च्या कायद्याखाली दावा झाला तर वकिलाला या फरकावर बोलायला सांगा, आणि त्याहून जास्त भावाच्या कामावर बोलायला सांगा. परिशिष्टातले टक्के हे कमीत कमी. प्रत्यक्षात माणूस कोणत्या कामाला मुकला हे बघितलं जातं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कापावा लागला. परिशिष्टात हात म्हणजे अंशतः अपंगत्व, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून भरपाई १०० टक्के धरली गेली. भावाचं प्रकरण तितकं टोकाचं नाही. पण उजव्या हाताने पकडच बसत नसेल तर प्रेसवर, लेथवर, साध्या पॅकिंगवरही त्याला कोण घेणार, हे मांडलंच पाहिजे.

त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे: भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या तारखेपासून नव्हे. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता तो स्टॅम्प. १९२३ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर तो करारनामा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. (आयुक्त म्हणजे या कायद्याखाली दावे ऐकणारा अधिकारी, पुण्यात हे काम कामगार न्यायालयात चालतं.) म्हणजे सही झाली तरी सगळं संपत नाही, पण सही नसलेली बरी. कारण ‘पूर्ण भरपाई मिळाली’ हा कागद पुढे उलटतपासणीत भावाच्याच तोंडावर धरला जातो. दरम्यान पैशांची फार नड असेल तर ५० हजार घ्या, पण पोचपावतीवर ‘उचल’ एवढाच शब्द असू द्या.

गार्डच्या धमकीने घाबरू नका. जाणूनबुजून सुरक्षा साधन काढलं, स्पष्ट सांगितलेला सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, किंवा दारू पिऊन काम केलं, तर मालक हात वर करू शकतो हे खरं. तेही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही. पण ते सिद्ध करायचं मालकाने. आणि प्रेस शॉपमध्ये काय होतं ते कुणाला सांगायचं? दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकावर चिकटपट्टी लावून ते दाबलेलंच ठेवतात, नाहीतर बटणं बंद करून पायाचा पेडल जोडतात, कारण त्याशिवाय तासाचं उत्पादन निघत नाही. हे शिफ्ट सुपरवायझरला माहीत असतं, मेंटेनन्सवाल्याला माहीत असतं. नव्या पोराने आपल्या मर्जीने गार्ड काढलं, हे न्यायालयात पटवणं सोपं नाही. त्या मशीनचा एखादा जुना फोटो किंवा व्हिडिओ कुणा सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये असेल तर आत्ताच मिळवून ठेवा.

ठेकेदाराचा माणूस म्हणून कंपनी अंग काढून घेईल. घेता येत नाही. काम कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच धंद्याचं, तेव्हा मूळ मालक जबाबदार. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. ईएसआयच्या वर्गणीलाही हाच नियम आहे. दाव्यात दोघांनाही पक्षकार करा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका कागदावर घालवा: पहिल्या दिवशीचा केसपेपर. माणूस रक्तबंबाळ अवस्थेत कॅज्युअल्टीत येतो तेव्हा ‘काय झालं?’ याचं उत्तर तो देत नाही, सोबत आलेला सुपरवायझर देतो. डॉक्टर घाईत लिहून घेतात. मी असे केसपेपर पाहिलेत ज्यांत प्रेसखाली चिरडलेल्या बोटांपुढे ‘घरी दारात हात सापडला’ असं लिहिलंय. जखम बघणाऱ्या कुणालाही कळेल की दारात असं होत नाही, पण कागद तो कागद. तेव्हा दवाखान्यात जाऊन केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि झाली असेल तर एमएलसीची (पोलिसांसाठी दवाखान्याने केलेल्या नोंदीची) नक्कल मागा, आणि अपघात कसा झाला म्हणून काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचा. खोटं असेल तर आज भावाच्या सहीने कंपनीला, ठेकेदाराला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला स्पीड पोस्टाने अपघाताची खरी हकीगत कळवा: तारीख, शिफ्ट, मशीन, सोबत कोण होतं. कंपनीच्या अपघात नोंदवहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद झाली का आणि ईएसआयला फॉर्म १२ गेला का, हेही त्यातच विचारा. हजेरीचा पुरावा नसेल तर पगार जमा झाल्याचं बँक पासबुक, गेटपास आणि शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले मेसेज चालतात. मेसेजेस ग्रुपमधून काढून टाकायच्या आत साठवून ठेवा.

कोणी सांगेल की आता नवे कायदे आले, जुनं काही चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात गेले, हे बरोबर. पण भावाचा अपघात त्याच्या आधीचा आहे, तेव्हा त्याचा हक्क जुन्या कायद्याने उभा राहिलाय. १९२३ च्या कायद्याने दावा करायचा झाला तर मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०२७.

वकिलाच्या फीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. मिळणाऱ्या रकमेचा ‘तिसरा हिस्सा’ मागणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात आहे. केसपेपर, पासबुक आणि ठेकेदाराने दिलेल्या स्टॅम्पची झेरॉक्स घेऊन भावालाच सोबत न्या, अर्जावर सही त्याची लागते.