कोव्श : पळी, चषक की आणखी काही?

प्रश्न असा आहे : जुन्या रशियन चांदीच्या भांड्यांची माहिती मराठीत आणताना ‘कोव्श’ या शब्दासाठी एकाने ‘पळी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘चषक’. बरोबर कोण? कोव्श लिहावं की कोव्ष? आणि आपल्या ‘कोश’शी त्याचं काही नातं आहे का?

आधी वस्तू बघू, कारण दोन्ही भाषांतरं वस्तू न बघता केलेली दिसतात. कोव्श म्हणजे बसकं, होडीसारखं लांबट भांडं. एका टोकाला एकच मूठ, समोरच्या टोकाला काठ थोडा वर ओढून केलेलं नाक. मूळ घडण लाकडाची आणि आकार पाण्यावर बसलेल्या बदकाचा किंवा हंसाचा. रशियाच्या उत्तरेकडे याचा मोठा भाऊ ‘स्कोबकार’ दिसतो. त्याला दोन मुठी, एक पक्ष्याचं डोकं आणि दुसरी शेपूट. बियरने भरलेला स्कोबकार मेजाच्या मधोमध ठेवायचा आणि छोट्या कोव्शांनी त्यातून काढून घ्यायचं. सोनारांनी हाच आकार चांदी-सोन्यात उतरवला, म्हणून धातूच्या कोव्शातही पक्ष्याची छाती आणि मान ओळखू येते.

कोव्शाने द्रव काढतातही आणि त्यातूनच पितातही. ‘पळी’ म्हटलं की यातलं पिणं निसटतं. शिवाय पळीची वाटी लहान आणि दांडा लांब, तर कोव्शाचं पोट मोठं आणि मूठ आखूड. घरगुती लाकडी कोव्शाला ‘ओगराळं’ चालेल, काम तेच आहे. आकाराने सगळ्यात जवळ जातं ते तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं. पण झारच्या मेजवानीत बोंडलं मांडलं तर वाचक हसेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

‘चषक’ आकाराने साफ चुकतो. आज चषक म्हटलं की दांडीवर उभा, दोन कानांचा, क्रिकेटवाल्यांनी उंचावलेला पेला डोळ्यांपुढे येतो. तरी या चुकीत गंमत आहे. संस्कृतात चषक म्हणजे मद्य प्यायचं पात्र. मराठीत ते पिणं मागे पडलं आणि बक्षीस उरलं. (करंडकाचंही तसंच, मुळात ती झाकणाची डबी.) कोव्शाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून झार लोक कोव्श बक्षीस म्हणून देऊ लागले : कोसॅक (सीमेवरच्या लढवय्या लोकांच्या) सरदारांना, आणि जकात व दारूचा महसूल ठरल्यापेक्षा जास्त गोळा करून देणाऱ्यांना. आत तळाशी दोन डोक्यांचा गरुड, बाजूंच्या चौकटींत कोणाला आणि कशासाठी दिला त्याचा मजकूर. अठराव्या शतकात नाक आणि मूठ इतक्या नक्षीने जड झाली की असा कोव्श ओठाला लावणं अवघडच. तो कपाटात ठेवायचा. रशियन भाषेत याला ‘झालोवान्नी कोव्श’ म्हणतात. मराठीत ‘बहुमानाचा कोव्श’ म्हणावं. ‘पगारी कोव्श’ नको. ‘झालोवान्ये’ म्हणजे वेतन हे खरं, पण इथे अर्थ राजाने दिलेल्या देणगीचा आहे.

आता ‘कोश’. नातं आहे, पण सख्खं नाही. रशियन कोव्श हा बाल्टिक भाषांतून उसना आलेला शब्द मानतात : लिथुआनियन ‘काउशस’ म्हणजे ओगराळं, लाटवियन ‘काउस’ म्हणजे पेला. व्युत्पत्तिकार या बाल्टिक शब्दांची संगती संस्कृत ‘कोश’शी लावतात. ऋग्वेदातला कोश पुस्तक नव्हे, पाण्याचं आणि सोमरसाचं भांडं आहे. साठवण्याचं भांडं, मग पेटी, मग खजिना, मग शब्दांचा खजिना अशी त्याची वाट. ‘कोशपान’ ही तर शपथेची रीत होती. देवाला न्हाऊ घातलेलं पाणी पिऊन खरेपणा सिद्ध करायचा किंवा सख्य पक्कं करायचं, ‘राजतरंगिणी’त तिचे उल्लेख आहेत. लाटवियनमध्ये आज ‘पासाउलेस काउस’ म्हणजे चक्क विश्वचषक. तेव्हा ‘चषक’ लिहिणाऱ्याने न कळत अर्थाची दिशा बरोबर पकडली, फक्त भांडं चुकलं.

लेखनाबद्दल. रशियन ‘श’ जीभ मागे वळवून उच्चारतात, म्हणून ध्वनीने तो आपल्या ‘ष’जवळ जातो. पण मराठी बोलण्यात श-ष यांचा फरक जवळपास उरलेला नाही आणि आपण ‘पुश्किन’ असंच लिहितो, तेव्हा ‘कोव्श’च ठेवावं. उच्चारात ‘व’चा ‘फ’ होतो, ऐकायला ‘कोफ्श’ येतं, पण लेखनात तो बदल आणू नये. रशियनमध्ये शब्द पुल्लिंगी आहे, मराठीतही ‘कोश’सारखा चालवावा : तो कोव्श, ते कोव्श, कोव्शाचा, कोव्शात. रशियन अनेकवचन ‘कोव्शी’ मराठीत आणलं की वाचक ते स्त्रीलिंगी समजतो.

याच्या शेजारची नावंही लगेच येतील. ‘ब्रातिना’ म्हणजे गोल पोटाचा, आखूड गळ्याचा, बहुधा झाकणाचा वाडगा. मेजवानीत तो हातोहात फिरायचा. नाव ‘ब्रात’ म्हणजे भाऊ यावरून, आणि आपला भाऊ ज्या ‘भ्रातृ’पासून आला त्याच घराण्यातलं. ती ब्रातिना, त्या ब्रातिना, ब्रातिनेतून, ‘भाषा’प्रमाणे. गळ्याभोवती गुंफलेल्या अक्षरांची पट्टी असते. तिच्यात बहुधा मालकाचं नाव आणि पिणाऱ्याला आरोग्याची शुभेच्छा असते, ती नक्षी समजून सोडून देऊ नये. ‘चार्का’ हा कडक दारूचा छोटा पेला. त्यातला च चहातला, चाकातला नव्हे. चार्का हे मापही होतं : वेद्रो म्हणजे बादली सुमारे १२.३ लिटरची, तिचा शंभरावा भाग चार्का, म्हणजे सुमारे १२३ मिलिलिटर. चार्का ज्यापासून आला तो ‘चारा’ (पेला) हा शब्द काही जण संस्कृत ‘चरु’शी जोडतात, काही तुर्की-मंगोल भाषांकडे बोट दाखवतात. एकमत नाही, म्हणून ठामपणे लिहू नये.

लोककथांत भाषांतरकाराचा पाय हमखास घसरतो. रशियन वीरगाथांत राजा व्लादिमीर वीराला ‘झेल्योनो विनो’ने भरलेली चारा देतो, दीड बादलीची, आणि वीर ती एका हाताने उचलून एका दमात रिकामी करतो. वरच्या मापाने हे १८ लिटरच्या वर जातं. आकडा सुधारायला जाऊ नये, अतिशयोक्ती हाच तिथे अलंकार आहे. पण ‘हिरवी वाइन’ मात्र लिहू नये. जुन्या रशियनमध्ये ‘विनो’ धान्याच्या दारूलाही म्हणत, आणि हे ‘झेल्योनो विनो’ म्हणजे द्राक्षांचं पेय नव्हे, कडक दारू. ‘म्योद’ही फसवतो. तो मधही आणि मधापासून आंबवलेलं पेयही. आपल्या ‘मधु’चा हा नातलग. (अस्वलाला रशियन ‘मेद्वेद’ म्हणतात, म्हणजे मध खाणारा.) परीकथेचा शेवट ठरलेला : ‘मीही तिथे होतो, म्योद-बियर प्यालो, मिशांवरून ओघळली, तोंडात काही गेली नाही.’ इथे ‘मध’ लिहिलं तर विनोद मरतो. आपल्या ‘साठा उत्तरांची कहाणी’सारखाच हा कथा मिटवायचा साचा आहे, फक्त सांगणारा वर एक पेला मागतोय. निघणाऱ्या पाहुण्याच्या शेवटच्या पेल्याला ‘ना पोसोशोक’ म्हणतात, ‘काठीसाठी’, पोसोख म्हणजे प्रवाशाची काठी. काठीच्या टोकावर पेला ठेवून न सांडता प्यायचा, ही त्यामागची गोष्ट शब्दावरून रचलेली वाटते. मराठीत ‘वाटेचा पेला’ पुरे.

शेवटची चूक आकड्यांची. चांदीवर ‘८४’ दिसलं की कोणी ते १८८४ साल करतं, कोणी ८४ टक्के. जुन्या रशियात शुद्धता झोलोत्निक या वजनाच्या मापात मोजत, निव्वळ चांदी म्हणजे ९६, म्हणून ८४ म्हणजे ८७.५ टक्के चांदी, ८८ म्हणजे जवळजवळ ९१.७. साल ठरवायला शेजारचा ठसा बघावा लागतो. ‘कोकोश्निक’ हे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं डोकं डावीकडे वळलेलं असेल तर १८९९ ते १९०८, उजवीकडे असेल तर त्यानंतरचं. उजवीकडच्या ठशात ग्रीक अक्षरही असतं : डेल्टा म्हणजे मॉस्को, अल्फा म्हणजे पीटर्सबर्ग. हे ठसे खोटेही मारले जातात, विशेषतः फाबर्जे या झारच्या नामांकित जवाहिऱ्याच्या नावासोबत, म्हणून ‘ठशानुसार’ हा शब्द गाळू नये.

एवढं धरून एक ओळ अशी लिहिता येईल : ‘कोव्श (होडीच्या आकाराचं, एका मुठीचं पानपात्र). चांदी ८४ झोलोत्निक, आतून सोन्याचा मुलामा, बाहेरून तारकाम व मिना. ठशानुसार मॉस्को, १९०८ नंतर.’ पहिल्यांदा कंसासह, पुढे नुसतं कोव्श.